हैतीपासून सुरुवात कर

प्रिय विद्यार्थिनी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण वाचलं. ‘उदयोन्मुख सत्तांनी (ब्राझील, भारतासारख्या देशांनी) पाश्चात्त्यांच्या शांतताविषयक संकेतांना, म्हणजे रूढ नियमांना, आव्हान दिलं’ असं तू पानापानावर लिहिलंयस. कुणी, कधी, कुठे, हे मात्र एकदाही नाही. ते आधी सांग. मग ते आव्हान होतं की घासाघीस, ते कळेल.

माझं ऐकशील तर ब्राझील घे. १७ मार्च २०११ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत लिबियाविषयीचा ठराव क्रमांक १९७३ मताला आला. बाजूने दहा, विरोधात कुणी नाही. ब्राझील, भारत, चीन, रशिया आणि जर्मनी मतदानापासून अलिप्त. जर्मनी या पंगतीत कशी, आणि दक्षिण आफ्रिकेने बाजूने मत का दिलं? तुझी ‘पाश्चात्त्य विरुद्ध बाकीचे’ ही मांडणी इथेच लंगडी पडते. पुढे या ठरावाने दिलेली नागरिकांना वाचवायची परवानगी तिथला हुकूमशहा गद्दाफी याची सत्ता उलथण्यापर्यंत ताणली गेली, अशी तक्रार झाली. त्याच नोव्हेंबरमध्ये ब्राझीलने संयुक्त राष्ट्रांपुढे टिपण ठेवलं: ‘संरक्षणाची जबाबदारी’ (एखादं सरकार आपल्या लोकांना भीषण अत्याचारांपासून वाचवत नसेल तर जगाने पुढे यावं, हे तत्त्व) मान्य, पण संरक्षण करतानाही जबाबदारीने वागा, बळ शेवटी वापरा, आणि परिषदेला हिशेब द्या. म्हणजे तत्त्व नाकारलं नाही, त्याला पोटकलम जोडलं.

आता हैती या कॅरिबियन देशाकडे ये. २००४ ते २०१७ तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं लष्करी नेतृत्व ब्राझीलकडे होतं. १८ ऑगस्ट २००४ ला ब्राझीलचे फुटबॉलपटू रोनाल्डो, रोनाल्डिन्हो हैतीची राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्सला मैत्रीचा सामना खेळायला आले. खेळाडू चिलखती गाड्यांवर, रस्त्याच्या दुतर्फा माणसांची रेटारेटी. ब्राझील ६-० ने जिंकलं, आणि हरलेलं शहर खूश! असं स्वागत न्यूयॉर्कहून आलेल्या कुठल्या तज्ज्ञाच्या वाट्याला आलं असतं?

त्याच शहरात कारफूर-फेय वस्तीत भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांच्या निधीतून कचरा उचलायचं काम उभं राहिलं. टोळ्यांनी पोखरलेल्या वस्तीतल्याच माणसांना मजुरी मिळाली, रद्दी कागदाच्या कांड्या करून चुलीत जाळल्या जाऊ लागल्या. शांतता उभारणीची रीत बदलली असेल तर ती अशा ठिकाणी, म्हणून यावर पानं खर्च कर.

पण ६ जुलै २००५ विसरू नकोस. टोळीच्या म्होरक्याच्या मागावर शांतिसैनिक त्याच शहरातल्या सिते सोलेय या झोपडपट्टीत घुसले, हजारो गोळ्या झाडल्या. पत्र्याच्या भिंती गोळी अडवत नाहीत. सामान्य माणसंही मेली. सेनापती ब्राझीलचाच होता. सहा वर्षांनी जबाबदारीचं टिपण लिहिणारा देशही तोच. ही दोन्ही प्रसंगचित्रं एकाच प्रकरणात हवीत. त्यांना जोडणारा पुरावा मिळाला तर जोड, नाही तर नुसतं शेजारी ठेव.

भारतावरचं प्रकरण त्यानंतर. तिथेही बोलणं आणि वागणं शेजारी ठेवायची हीच फूटपट्टी लाव, आणि १९८७ ते १९९० च्या श्रीलंकेतल्या आपल्या फौजेपासून सुरुवात कर. ते तू तळटीपेत ढकललंयस.

तुझा,
सर