माडी चढवायची की न्हाणी बांधायची?

तासगावहून एका काकांचं सहा पानी पत्र आलंय. हिशेब शेवटच्या दीड पानात, आधीची साडेचार पानं माणसांची. काका एका सहकारी साखर कारखान्यात बत्तीस वर्षं काट्यावर कारकून होते. वय ६९, काकूंचं ६४. मुलगा पुण्यात, मुलगी नाशिकला. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तासगावच्या गणपतीचा रथ निघतो. हजारो हात दोरखंडाला लागतात आणि तो काशीविश्वेश्वराच्या दिशेनं ओढला जातो. काकांची गल्ली त्याच वाटेवर उघडते. त्या दोन-तीन दिवसांत घरात चौदा माणसं असतात, सोप्यात ओळीनं गाद्या पडतात, कुणाचे पाय कुणाच्या डोक्याशी येतात आणि रात्री दीडपर्यंत हसणं चालू असतं. काका लिहितात, "रथ वळणावर आला की आमचे वडील आम्हाला खांद्यावर घ्यायचे. आता नातवाला मी घेत नाही, खांदा दुखतो. पण शेजारी उभा राहतो."

प्रश्न असा आहे: घरावर माडी चढवावी का? दोन खोल्या, साडेचारशे चौरस फूट, गवंड्यानं नऊ लाख सांगितलेत. त्यासाठी पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतलं दहा लाखांचं खातं मोडायचं. "जागा नाही म्हणून पोरं दोन दिवसांत निघतात, वर खोल्या झाल्या की आठ दिवस राहतील," हे मुख्य कारण. उरलेले महिने त्या खोल्या एखाद्या नोकरदार मुलाला भाड्यानं द्यायच्या, म्हणजे पैसाही सुटेल.

काका, आडवळण न घेता सांगतो. माडी चढवू नका. या पैशातून तर अजिबात नको.

आधी तुमचेच आकडे तुमच्यासमोर ठेवतो. ज्येष्ठ नागरिक योजनेत तुमची दोन खाती आहेत, दहा लाखांचं आणि पाच लाखांचं, दोन्ही जून २०२३ मध्ये ८.२ टक्क्यांनी काढलेली. वर्षाचं व्याज १,२३,००० रुपये, म्हणजे महिन्याला १०,२५० पडतात. ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीसोबतची पेन्शन २,४८०. पतसंस्थेतल्या पाच लाखांचं नऊ टक्क्यांनी महिन्याला ३,७५०. सगळं मिळून १६,४८०. घरखर्च तुम्ही अठरा हजार लिहिलाय, त्यात काकूंच्या बीपीच्या गोळ्या धरल्यात. म्हणजे आजच महिन्याला दीड हजार कमी पडतात आणि ते बचत खात्यातल्या सव्वा लाखातून गुपचूप जातात. मुलगा मधूनमधून पाच हजार पाठवतो, पण ते कधी आणि किती, हे तुम्हालाही सांगता येत नाही.

आता दहा लाखांचं खातं मोडलं तर काय होतं? या योजनेत थोडी रक्कम काढायची सोय नाही, खातं पूर्ण बंद करावं लागतं. दोन वर्षं झाल्यानंतर बंद केलं की ठेवीचा एक टक्का कापतात, म्हणजे दहा हजार. नऊ लाख गवंड्याला दिले की हातात नव्वद हजार उरतील. तेही राहायचे नाहीत, कारण जिन्याचं रेलिंग, खिडक्यांच्या जाळ्या, वरची पाण्याची टाकी आणि वीजजोडणी त्या नऊ लाखांत असते असं मी आजवर एकाही बांधकामात पाहिलेलं नाही. महिन्याचं उत्पन्न १६,४८० वरून साधारण ९,६५० वर येईल. खर्च तोच, अठरा हजार. वर घरपट्टी वाढेल ती वेगळी.

भाड्याचं म्हणाल तर साडेतीन हजार भाडं धरा, वर्षात अकरा महिने खोली भरलेली धरा. ३८,५०० रुपये झाले. नऊ लाखांवर हे सव्वाचार टक्के होतात, आणि तुम्ही मोडणार आहात ती ठेव सव्वाआठ टक्क्यांच्या जवळपास देते. शिवाय भाडेकरू रथाच्या आठवड्यात खोली रिकामी करून देईल का? त्याचं सामान तिथंच असणार. ज्या आठ दिवसांसाठी माडी बांधायची, नेमक्या त्याच आठ दिवसांत ती दुसऱ्याची असेल.

तुम्ही आयुष्यभर भरलेली गाडी तोललीत आणि मग रिकामी गाडी परत काट्यावर घेतलीत. दोन वजनांतला फरक तेवढा ऊस. या पत्रात मात्र वजन एकदाच झालंय, भरलेल्या घराचं. रिकामं घर तोलायचं राहिलंय. तुम्हीच लिहिलेले दिवस मी मोजले: रथाला तीन, दिवाळीला चार, मे महिन्यात चार. अकरा दिवस मुलं घरी असतात. उरलेले तीनशे चौपन्न दिवस दोन माणसं, एक चूल आणि सकाळी परसातल्या जास्वंदीची फुलं.

माडीचा अनुभव आमच्या घरीही आहे, म्हणून थोडं जास्त बोलतो. माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर हेच केलं. आम्ही तिघं भावंडं येऊ, म्हणून वर दोन खोल्या. पहिल्या वर्षी आम्ही हौसेनं वर झोपलो. दुसऱ्या वर्षी सगळे पुन्हा खाली, कारण आई खाली आणि गप्पा खाली. पाचव्या वर्षी आईचे गुडघे गेले आणि तिनं जिना सोडला. आता वर कांदे, जुन्या गाद्या आणि कुरडया वाळवायच्या बाजा आहेत. वडील त्या खोल्यांबद्दल कधी वाईट बोलले नाहीत, पण वरचा दिवा गेला तेव्हा तो बदलायलाही कुणाला सांगितलं नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य पाचव्या पानावर कोपऱ्यात आहे. मला वाटतं तेच महत्त्वाचं आहे. "धाकट्या नातवाला आपल्याकडे बसून संडास जमत नाही, म्हणून सूनबाई जरा घाई करते." काका, मुलं दोन दिवसांत का निघतात, याचं उत्तर तुम्ही स्वतःच लिहून ठेवलंय. सोप्यात ओळीनं झोपायचा त्यांना त्रास नाही, ते तर त्यासाठीच येतात. त्रास आहे तो परसाच्या टोकाला असलेल्या एकुलत्या एक संडासाचा आणि चौदा माणसांच्या रांगेचा. पावसात छत्री घेऊन जावं लागतं, हेही तुम्हीच लिहिलंय. रथ येतो तेव्हा पावसाळा संपलेला नसतो.

तेव्हा माझा सल्ला असा. माजघराला लागून, खालीच, एक नीट न्हाणीघर आणि कमोडचा संडास बांधून घ्या. जुना तसाच राहू द्या. म्हणजे दोन झाले. फरशी खडबडीत घ्या, भिंतीला धरायला स्टीलचे दांडे लावा, मध्ये उंबरा ठेवू नका, दार तीन फुटी घ्या. आज हे नातवासाठी आहे. पाच-सात वर्षांनी तुम्हा दोघांना लागेल, आणि तेव्हा बांधायला घेणं फार अवघड जातं. तुमच्या गवंड्याच्याच दरानं याचा अंदाज पावणेदोन लाख येतो. सोप्यावरचा गळका पत्रा बदलणं, दोन पंखे आणि चार गाद्या धरून सव्वादोन लाखांत आटोपेल.

पण त्याआधी एक काम आहे, आणि ते केल्याशिवाय विटेवर वीट ठेवू नका. तुम्ही सहज लिहिलंय, "उताऱ्यावर अजून वडिलांचंच नाव आहे." घर वडिलांनी स्वतः कमावून बांधलं, ते २००३ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही, आईही आता नाहीत. म्हणजे हिंदू वारसा कायद्यानं त्या घरात तुमचा एक तृतीयांश आणि दोन्ही बहिणींचा एकेक तृतीयांश हिस्सा आहे. बहिणींचा हक्क नंतरच्या दुरुस्त्यांमुळे आला असं नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलींना तो १९५६ च्या कायद्यापासूनच आहे. त्या दोघी रथाला येतात, भाकरी थापायला बसतात, कधी एक शब्द काढत नाहीत, हे खरं. तरीही उद्या तुम्ही नऊ लाखांची माडी चढवलीत, तर ती तिघांच्या घरावर चढेल. आणि भाचे मोठे झालेत. सिटी सर्व्हेत वारस नोंद करून घ्या. बहिणींना हक्क सोडायचा असेल तर तो नोंदणीकृत हक्कसोडपत्रानं सोडू दे, नसेल सोडायचा तर त्यांचं नाव सन्मानानं उताऱ्यावर लागू दे. रथाच्या गर्दीत हा विषय काढू नका. साध्या दिवशी, दोघींच्या घरी जाऊन, चहा घेऊन बोला. छोट्या न्हाणीघराला बहिणी नाही म्हणणार नाहीत, पण विचारायला हवं. जुन्या दगड-मातीच्या भिंतींवर स्लॅबचा भार टाकायला अभियंत्याची तपासणी आणि नगरपरिषदेची परवानगी लागते, भाराचा तो प्रश्न माडी रद्द केली की आपोआप मिटतो.

आता पैसे कुठून आणायचे? पतसंस्थेची पाच लाखांची ठेव मार्चमध्ये सुटतेय. ती पुन्हा तिथं ठेवू नका, हे माडीचा प्रश्न नसता तरी सांगितलं असतं. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं, पतसंस्थेच्या ठेवीला ते नसतं. तुमची पतसंस्था चांगली असेल, चेअरमन तुमच्या ओळखीचे असतील. पण बुडालेल्या पतसंस्थांचे चेअरमनही कुणाच्या ना कुणाच्या ओळखीचेच होते. हे लिहिताना पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ७.४ टक्के मिळतात. पाचही लाख तिकडे नेले तर महिन्याला ३,०८३ येतील, आताच्यापेक्षा ६६७ रुपये कमी. तेवढी किंमत मोजा.

त्या सव्वादोन लाखांपैकी दोन लाख या ठेवीतून काढून तीन लाखच मासिक योजनेत ठेवले, तर तिथून १,८५० येतील. एकूण उत्पन्न १४,५८० होईल आणि महिन्याची तूट ३,४२० वर जाईल. ही तूट तुमच्या बचतीतून भरायची नाही. ती मुलांनी भरायची, किंवा न्हाणीघराचाच खर्च मुलांनी करायचा, म्हणजे पाचही लाख तुमच्याकडे राहतील. दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे. तुम्ही लिहिलंय, "पोरांपुढे हात पसरायचा नाही." काका, ज्या मुलाचं पोर त्या कमोडवर बसणार आहे, त्याच्याकडून त्याचे पैसे घेणं म्हणजे हात पसरणं नव्हे. आणि मुलीलाही सांगा. लेकीकडून कसे घ्यायचे, असं तुम्ही म्हणाल हे मला माहीत आहे. तिची मुलंही तिथंच येतात. न विचारता आपणच ठरवून टाकलं की तिला विचारलंच नाही, याचं तिला जास्त लागेल.

मुलाचे पाच हजार मात्र ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या रकमेचे होऊ देत. चार हजारच का होईनात, पण दर महिन्याच्या पाच तारखेला.

दोन छोट्या गोष्टी. पुढच्या वर्षी तुम्हाला सत्तर पूर्ण होतील. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड मिळतं. वाढदिवस झाला की लगेच काढा आणि मिरजेतल्या कोणत्या रुग्णालयात ते चालतं याची आधीच चौकशी करून ठेवा. काकूंना मात्र त्यासाठी अजून सहा वर्षं आहेत, म्हणून ते दहा लाख हलवायचे नाहीत. दुसरं, तुमच्यानंतर काकूंना तुमच्या पेन्शनच्या निम्मे, म्हणजे १,२४० रुपये मिळतील. त्या पैशात महिन्याचा गॅस आणि दूध बसलं तरी पुरे. पोस्टातली दोन्ही खाती एकट्या तुमच्या नावावर आहेत की काकूंसोबत जोडखाती आहेत, हे पासबुकात बघा. एकट्याच्या नावावर असतील तर नॉमिनी म्हणून काकूंचं नाव लागलंय का ते खिडकीवर विचारून घ्या. पत्रात "लावलंय बहुतेक" असं आहे. काट्यावर तुम्ही "बहुतेक" चालू दिलं नसतं.

सहा पानांत चौदा माणसांची नावं आहेत, नातवाच्या सायकलचा रंग आहे, रथाचा वळणावरचा आवाज आहे. काकूंना माडी हवी आहे का, हे कुठंच नाही. जिना झाडायचा त्यांना, वरच्या गाद्या उन्हात घालायच्या त्यांना आणि भाडेकरूचा सकाळचा चहाही बहुधा त्यांनाच करावा लागणार. पुढचं पत्र लिहाल तेव्हा शेवटचं पान त्यांच्या हाती द्या.