क्षितीची बहीण वज्रिका?

"मॅडम, मुलांची नावं ठेवताना लोकांचं किती ऐकायचं?" नाशिकच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी हा प्रश्न येतोच. मागच्या वर्षीचं एक जोडपं त्यांच्या यादीमुळे लक्षात राहिलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, नावं मात्र त्याच जातकुळीतली.)

दोघंही गाण्यातले. थोरली आठ वर्षांची क्षिती. आपल्या संगीतात २२ श्रुती, म्हणजे सप्तकातले सूक्ष्म स्वर, सांगितल्यात, त्यातली ही पंचम स्वराची पहिली. आता धाकटी पाच आठवड्यांची, आणि तिच्यासाठी त्याच यादीतली मध्यमाची 'वज्रिका' ठरलेली. आजी म्हणाल्या, "हे नाव आहे की दंतमंजन?" मामाने लगेच 'वज्रदंती' सुरू केलं. त्यात बाळाचं आर्द्रा नक्षत्र, तिसरा चरण, म्हणजे अक्षर 'ङ'. त्यावरून नाव शोधायला आजींनाही जमेना. बारसं रखडलं ते रखडलंच.

बाबांना धास्ती वेगळीच होती. जन्माची नोंद झाली, पण नावाचा रकाना कोरा. २१ दिवस उलटले, आता काय? मी सांगितलं, २१ दिवसांची मुदत जन्म नोंदवण्याची. नाव १२ महिन्यांत विनाशुल्क घालता येतं, पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. गृहस्थ तिथेच खुर्चीत टेकून बसले. तोवर खुर्चीच्या कडेलाच टेकले होते.

दुसऱ्या भेटीला आजींना बोलावलं. दहा मिनिटं त्या वज्रिकेवरच बोलल्या, मग आवाज उतरला. "नावाचं मी चालवून घेतलं असतं हो. पण माझ्या लेकीला ते व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर वाचायला मिळालं." लेक म्हणजे बाळाची आत्या, सोलापूरला असते. तिने बाळंतपणाआधीच कुंची शिवून ठेवली होती. पाळण्यापाशी वाकून कानात 'कुर्रर्र' करण्याचा मान तिचा, आणि नाव आधीच पावणेदोनशे लोकांनी बघितलेलं. आई गप्प झाली. तिच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

क्षिती कोपऱ्यात चित्र रंगवत होती. मी तिला नाव विचारलं. "क्षिती. क्षत्रियातला क्ष. म्हणजे पृथ्वी." एका दमात. हे उत्तर तिने कितीदा दिलं असेल!

"शाळेत चिडवतात?"

"हो, शिट्टी म्हणतात. मग मी वाजवून दाखवते."

"आणि वज्रिकाला?"

तिने खडू खाली ठेवला. "तिला दंती म्हणतील. तिला तर दातच नाहीत."

आईबाबा हसले, पण पोरगी हसली नाही. "मला जमतं. तिला जमेल की नाही, काय माहीत."

वेगळ्या नावाने मूल कोमेजतं, असं मी सरसकट म्हणणार नाही. माझ्या वर्गात तीन सुनीता होत्या. दहावीपर्यंत तिघींनाही आडनावानेच हाका. ज्या मुलाला आपल्या नावाचं उत्तर एका वाक्यात देता येतं, ते बहुधा तरतं. भावंडांची नावं एका माळेत ओवायची हौस मात्र मोठ्यांची. ती करावी, जरूर करावी. फक्त आधी नाव आजीच्या तोंडात बसतंय का बघावं, फोनवर एखाद्या अनोळखी माणसाला सांगून बघावं, आणि घरातल्या शाळकरी पोरांसमोर टाकावं. त्याची मोडतोड कशी होईल, हे ती मिनिटात सांगतात.

या जोडप्याने यादी सोडली नाही. रौद्री, क्रोधा आणि उग्रा खोडून उरलेली आत्याला पाठवली, स्टेटस टाकल्याबद्दल फोनवर माफीही मागितली. तीन दिवसांनी आत्याचा निरोप आला: रंजनी. ऋषभाची श्रुती, आणि आजींना एकदाही अडखळावं लागलं नाही.

बारशाचा फोटो मला आला. आत्या पाळण्यावर वाकलेली, शेजारी टाचा उंचावून क्षिती. बारसं इतकं लांबलं होतं की कुंची बाळाला घट्ट झालेली दिसत होती. मामाने आता 'मनोरंजनी' सुरू केलंय म्हणे.