जुन्या बुलेटच्या टाकीवर हाताने पिनस्ट्रायपिंग करून घेऊ की रेडियम लावू?

हाताने करून घ्या.

तुम्ही लिहिलंय की गाडी १९८६ ची आहे, टाकी नव्याने काळी करून झालीय, आणि तुमचा मित्र म्हणतो हाताने रेघा ओढणं हे अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांचं (जुन्या मोटारी वेगवान करून सजवणाऱ्यांचं) फॅड आहे, रेडियमची चिकटपट्टी लाव, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या येतात. हे शेवटचं वाक्य मी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या घरात ऐकलंय. म्हणून लिहायला बसलोय आणि लांबणार आहे.

माझे वडील, अण्णा, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फाळक्यांवरची नावं, कारखान्याच्या जीपगाड्यांवरची अक्षरं, आणि बुलेट-राजदूतच्या टाक्या. पिनस्ट्रायपिंग हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणाच्या तोंडात नव्हता. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, 'अण्णा, लायनिंग मारायचंय.' बाबूराव मेस्त्रींना ज्या गावाने बाबूराव पेंटर म्हणून डोक्यावर घेतलं, त्या गावात पेंटर हा शब्द हलका नव्हता, एवढं फक्त सांगतो.

माझी सगळ्यात जुनी आठवण बिस्किटाच्या डब्याच्या झाकणाची आहे. त्या झाकणात अण्णा कोरं इंजिन ऑइल ओतून ठेवायचे आणि त्यात लायनिंगचे दोन ब्रश आडवे झोपवलेले असायचे. उभे कधीच नाही. उभा ठेवला की केस वाकतो, आणि एकदा वाकलेला केस परत सरळ होत नाही. खारीच्या केसांचा चपटा ब्रश आणून त्यांनी तो दाढीच्या ब्लेडने तिरका कापला होता, सुरीच्या पात्यासारखा. केस दोन इंच लांब आणि मूठ जेमतेम करंगळीएवढी. मला वाटायचं तुटका ब्रश आहे. पाच वर्षांचा असताना मी त्यातला एक घेऊन शेणाने सारवलेल्या अंगणात रेघा मारल्या. अण्णांनी मारलं नाही, पण तो ब्रश परत कधी वापरलाही नाही.

ब्रश एवढा लांब का, हे मी पुढे स्वतः हातात धरल्यावर कळलं. लांब केसांत रंग भरपूर मावतो, म्हणून टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका भरण्यात जाता येतं. मधे थांबून पुन्हा रंग घेतला की तिथे सांधा दिसतोच. अण्णा आधी ब्रश टर्पेंटाईनने धुऊन तेल घालवायचे, मग गुळगुळीत कागदाच्या जुन्या मासिकावर रंग घेऊन तो दहा-बारा वेळा मागे-पुढे ओढायचे. एवढं केल्यावर केस एकमेकांना चिकटून पातं होतं. मग टाकी वाळूच्या पोत्यावर, करंगळी टाकीच्या कडेला टेकवलेली, आणि रेघ स्वतःच्या अंगाकडे. वळणावर मनगट फिरत नसे, मूठ अंगठा आणि तर्जनीत गोल फिरायची. नजर ब्रशच्या टोकावर नाही, चार बोटं पुढे. जास्त केस टेकवले की रेघ जाड, कमी टेकवले की बारीक. मी बाजूला टर्पेंटाईनचा बोळा घेऊन उभा राहायचो आणि त्यांच्याबरोबर माझाही श्वास थांबायचा.

आता मूळ गोष्ट. साल १९९१, मी अकरा वर्षांचा. आमच्या तालमीतल्या वस्तादांची बुलेट उसाच्या ट्रॉलीला घासून उजव्या अंगावर पडली. टाकीला गुडघ्याच्या रबराच्या वरच्या बाजूला चांगलाच पोचा आला. शेजारच्या डेंटरने तो काढला, लांबी (खड्डा बुजवायची पुट्टी) भरली, पॉलिश पेपर मारला. अण्णांनी काळा ड्यूको मारला आणि आठवड्याने लायनिंगला घेतली. मद्रासच्या कारखान्यातून यायची तशी सोनेरी रेघ, खाली तिला समांतर एक बारीक. सोनेरी पावडर व्हार्निशमध्ये कालवायचं काम माझ्याकडे होतं. गुठळी राहिली तर रेघेत खडा येतो, म्हणून ते मिश्रण मी आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून दोनदा गाळलं. डावी बाजू झाली. उजव्या बाजूला अण्णा टाकी पुढे-मागे करत बराच वेळ नुसते बघत बसले. मला आठवतं, कारण माझे पाय दुखायला लागले होते. मग एका ओढीत ती पण झाली.

दुसऱ्या दिवशी वस्ताद गाडी न्यायला आले. दादा तेव्हा आयटीआयला होता, मशिनिस्टच्या ट्रेडला. मोजमापाचं नवं वेड लागलेलं होतं आणि खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. वस्तादांसमोर, चार गिऱ्हाइकांसमोर त्याने पट्टी टाकीला लावली. 'अण्णा, डावी तीन मिलिमीटर आहे. उजवी इथं चार भरतीय. अख्खा एक मिलिमीटर.'

दुकान गप्प झालं. अण्णा बोळ्याने हात पुसत राहिले. वस्तादच म्हणाले, 'मोजू दे की पोराला. मला काय पट्टी घिऊन गाडीवर बसायचंय व्हय?' आणि पैसे काढले. अण्णांनी ठरल्यातले वीस रुपये परत दिले.

त्या वीस रुपयांनी सगळं ठरवलं. दादाने ते कबुलीसारखं धरलं. पुढची वीस वर्षं घरात विषय निघाला की तो तेच सांगायचा: अण्णांची रेघ चुकली होती, अण्णांनी पैसे परत दिले होते. २००१ साली त्याने कर्ज काढून रेडियम कापायचं मशीन आणलं आणि अण्णांच्या फळीवरच ठेवलं. मशीनची रेघ तीन मिलिमीटर म्हणजे तीन मिलिमीटर, डावी उजवी दोन्हीकडे. धंदा चालला, हे खरं. त्याच मशीनवर आमच्या घराचा पहिला मजला चढला आणि माझं डिप्लोमाचं शिक्षण झालं, ते मी नाकारत नाही. अण्णा २००९ ला गेले. शेवटची सात-आठ वर्षं त्यांनी टाकीला ब्रश लावला नाही.

२०१२ मध्ये वस्तादांचा मुलगा तीच टाकी घेऊन माझ्याकडे आला. मी तोवर चाकणला एका गाड्यांच्या कारखान्यात पेंट शॉपला लागलो होतो आणि रविवारी घरी लायनिंग करायचो. रंग ठिकठिकाणी सोलला होता, रेघा मात्र जागेवर होत्या. एकवीस वर्षांच्या, घामाने आणि पेट्रोलने मळलेल्या. पॉलिश पेपर मारण्याआधी मी बटर पेपर लावून दोन्ही बाजू शिसपेन्सिलने छापून घेतल्या. मग खरवडायला घेतलं. उजव्या बाजूला रेघ जिथे चार मिलिमीटर होती, बरोबर तिथे खाली लांबी निघाली. चार बोटांची पट्टी. आणि ती लांबी थोडी बसलेली होती, म्हणजे पत्र्याचं वळण तिथे किंचित खाली झुकलेलं होतं. हात फिरवला तर कळतं, डोळ्याला कळत नाही.

कळत नाही, कारण रेघेने ते कळू दिलं नव्हतं. अण्णांनी रेघेची वरची कड पत्र्याबरोबर खाली नेलीच नव्हती. ती त्यांनी सरळ ठेवली, मूळ टाकीचं वळण जसं जायला हवं तशी. खालची कड पत्र्याबरोबर खाली गेली. दोन्हींमधे एक मिलिमीटर जास्त रंग बसला. दोन्हीकडे तीन मिलिमीटर राखायचे म्हटले असते तर रेघ तिथे झोल खाल्लेल्या तारेसारखी लोंबली असती आणि पोचा लांबून दिसला असता. मला मग ते बराच वेळ नुसतं बघत बसणं आठवलं.

तेव्हा बोलले का नाहीत? माझं मत असं की बोलले असते तर गिऱ्हाइकासमोर शेजारच्या डेंटरचं काम उघडं पडलं असतं. तो माणूस त्यांच्याबरोबर रोज चहा पीत होता. वीस रुपये त्यापेक्षा स्वस्त पडले.

तर तुमच्या मित्राला सांगा, दोन्ही बाजू सारख्या *असणं* आणि सारख्या *दिसणं* या दोन गोष्टी आहेत. १९८६ ची टाकी आहे म्हणजे ती कधी ना कधी पडलेली आहे, ठोकलेली आहे, लांबी खाल्लेली आहे. तिच्या दोन बाजू आता सारख्या नाहीत. मशीनला ते माहीत नसतं.

राहिलं अमेरिकेचं फॅड. १९५० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या बाजूला फॉन डच या नावाने ओळखला जाणारा केनेथ हॉवर्ड, डीन जेफ्रीज, एड रॉथ या लोकांनी हॉट रॉडच्या बॉनेटवर आणि डिकीवर रेघांची जाळी विणली, ती जगभर गेली, हे खरंच आहे आणि ते काम डोळे भरून बघण्यासारखं आहे. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी नक्षी, आणि तीही मोकळ्या हाताने. पण त्यांनी ती शोधून काढली नाही. त्यांच्याआधी कॅलिफोर्नियातल्याच ओकलंडला टॉमी द ग्रीक नावाचा पेंटर रेघा ओढत होता. त्याच्याही आधी, १९२८ ते १९३१ च्या फोर्ड मॉडेल ए गाड्या कारखान्यातूनच अंगावर बारीक रेघ घेऊन यायच्या. आणि मोटारीच्या आधी घोडागाड्या होत्या. बग्गीच्या चाकांच्या आऱ्यांवर, पेटीच्या कडेवर रेघ असायचीच, त्याने जड लाकूड नाजूक दिसतं. ब्रशही तोच, रीतही तीच. फॉन डचचा बापसुद्धा पाट्या रंगवणारा पेंटर होता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बायकोला हाक मारून वाचून दाखवलं होतं.

आणि बुलेटपुरतं बोलायचं तर हे फॅड कुणाकडून उसनं घ्यायची गरजच नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून मद्रासला बुलेट तयार होतेय आणि टाकीवरच्या सोनेरी रेघा तिथे कारागीर हाताने ओढत आलेत. काही मॉडेलांवर अजून ओढतात. रोल्स-रॉईसच्या इंग्लंडमधल्या गुडवूडच्या कारखान्यात गाडीच्या कुशीवरची लांब रेघ ओढणारा मार्क कोर्ट हाही मुळात पाट्या रंगवणाराच, आणि त्याचाही ब्रश खारीच्या केसांचा. एवढ्या महागड्या गाडीला रेडियम परवडलं नसतं असं नाही ना?

आता कामाचं थोडं, जे खरं तर आधी सांगायला हवं होतं.

पेंटर निवडताना त्याने काढलेले गणपती आणि वाघ बघू नका, रेघेचं शेपूट बघा. रेघ सुरू कुठे झाली आणि संपली कुठे, तिथे गाठ किंवा थेंब असेल तर दुसरीकडे जा. मास्किंग टेप दोन्ही बाजूंनी लावून मधे रंग भरणारे खूप आहेत. त्यात कडेला कंगोरा राहतो, नखाला लागतो, आणि पुढे तिथूनच रंग उचलतो. टेप लावायची ती फक्त वाट दाखवायला, एका बाजूला, रेघेपासून लांब. मुंगसाच्या केसांचा ब्रश कुणी कौतुकाने दाखवला तर तिथून उठा, त्याला कायद्याने बंदी आहे.

टाकी कशाने रंगवलीय ते विचारून ठेवा. टू-के पेंट (हार्डनर मिसळून मारायचा रंग) असेल तर रेघ ओढण्याआधी अगदी बारीक पेपर मारून चमक उतरवावी लागेल, नाहीतर रेघेचं इनॅमल धरणार नाही. वरून क्लिअर कोट (पारदर्शक थर) मारायचा असेल तर रेघ पूर्ण वाळू द्या. अर्धवट वाळलेल्या इनॅमलवर क्लिअर मारला की त्यातलं थिनर खालच्या रंगात शिरतं आणि रेघेला सुरकुत्या पडतात. मी स्वतः एक टाकी अशी घालवली आहे. क्लिअर मारायचा नसेल तर पेट्रोल भरताना सांडू देऊ नका, सांडलंच तर लगेच पुसा.

रोज शंभर किलोमीटर चालवायची गाडी असेल, उन्हापावसात उभी राहणार असेल आणि दर दोन वर्षांनी रंग बदलायची तुमची हौस असेल, तर रेडियम लावा, माझी ना नाही. स्वस्त आहे, काढता येतं. वळणावर दोन-तीन पावसाळ्यांत कड उचलून त्यात मळ बसतो, तेव्हा बदला. नव्या गाडीला, जिची टाकी कारखान्यातून आली तशी आहे, तिलाही चालेल. तुमच्या गाडीला नको.

हे उत्तर मी दादालाही पाठवतोय. दादा, तो बटर पेपर माझ्या कपाटात आहे, त्यावर लांबी कुठून कुठपर्यंत होती तेही तेव्हाच आखून ठेवलंय. दिवाळीला येशील तेव्हा पट्टी घेऊन ये.