रिटायर झालात, रुग्णसाहित्य केंद्र काढताय? आधी एवढं करा

अहो, रिटायर होऊन दोन महिने नाही झाले आणि सोसायटीत वॉकर-व्हीलचेअर डिपॉझिटवर द्यायचं केंद्र काढताय, झकास! वयाचं मनावर घेऊ नका, झिंबाब्वेत हरारेला २००६ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडांनी १४ आज्यांना हाताशी धरून बाकड्यावर बसून लोकांच्या मनाचं ओझं हलकं करायचं काम सुरू केलं, तेच आज फ्रेंडशिप बेंच.

आम्ही चौघांनी असंच केंद्र काढताना केलेल्या चुका सांगतो.

१. ट्रस्ट, लेटरहेड, उद्घाटन आत्ता नको. आमचे तीन महिने नावावरून भांडण्यात गेले, वस्तू एक बाहेर गेली नाही.

२. फॉवलर बेड (डोक्याची-पायाची बाजू वर-खाली होणारी हॉस्पिटलची कॉट) लगेच घेऊ नका, जागा अडते आणि उचलायला चार माणसं लागतात. दोन वॉकर, एक व्हीलचेअर, एक कमोड खुर्ची, बास.

३. वस्तू परत आली की व्हीलचेअरचे ब्रेक आणि वॉकरच्या पायांची रबरी बुटं बघायचीच. आमचा एक वॉकर एका बुटाविना गेला आणि त्या आजी बाथरूममध्ये पडता पडता वाचल्या, तेव्हापासून ड्रॉवरमध्ये दोन जोड जादा ठेवतो. सर्जिकलच्या दुकानात मिळतात.

साधी वही पुरते, नाव, फोन, तारीख, डिपॉझिट. चावी दोघांकडे. ॲप, देणगीच्या पावत्या वगैरे नंतर बघू.

आणि हो, "आमच्या ऑफिसात असं नव्हतं" हे वाक्य घरीच ठेवून या (मला बायकोने सांगितलं होतं). येणाऱ्याच्या घरात कोणीतरी पडलेलं असतं, आधी पाणी विचारा, आधार कार्ड मग मागा.