आधी तुमची अवघड रेकॉर्डिंग घालून बघ

नाशिक

प्रिय,

रिसर्च रिपॉझिटरीसाठी, म्हणजे मुलाखती साठवून नंतर शोधता येतील अशा टूलसाठी, केलेला तुझा तक्ता वाचला. डव्हटेल, कंडेन्स, नोशन, तिन्हींची माहिती नीट भरली आहेस. पण ती त्या-त्या कंपनीने स्वतःबद्दल सांगितलेली माहिती आहे. तुमच्या मुलाखती त्यात कुठेच नाहीत.

तुम्ही निफाड-दिंडोरीतल्या द्राक्ष बागायतदारांशी बोलता. बागलाणकडचा माणूस बोलता बोलता अहिराणीत शिरतो. म्हणून ट्रायल घेतलीस की त्यांची नमुन्याची इंग्रजी फाइल बाजूला ठेव आणि तुमच्याकडची सगळ्यात अवघड रेकॉर्डिंग घाल. मागे ट्रॅक्टर चालू आहे, दोघं भाऊ एकदमच बोलतायत, अशी. मशीनने उतरवलेला मजकूर कानाला हेडफोन लावून ओळीओळीने तपास. ‘गोडी छाटणी’ (फळासाठीची छाटणी), ‘भुरी’ (बुरशीचा रोग) हे शब्द कसे उमटलेत ते बघ.

मग शोधून बघ. ‘पाऊस’ टाकल्यावर ‘पावसाने’ आणि ‘पावसात’ सापडतं का? ‘डाऊनी’ हे रोगाचं नाव टाकल्यावर कुणी ‘डावनी’ लिहिलेलं हाती लागतं का? माझ्या मते निवडीची खरी कसोटी हीच. सहा महिन्यांनी प्रॉडक्टवाला विचारायला येईल तेव्हा त्याला ते वाक्य मिळालं पाहिजे.

शोध जिथे कमी पडतो तिथे टॅग, म्हणजे वाक्याला लावलेली विषयाची चिठ्ठी, लागतात, आणि टॅग हे टीमचं काम आहे, ते टूलवर सोडून चालत नाही. समजा एक शेतकरी म्हणाला, ‘पावसानं घड कुजले, तेव्हा ॲप उघडून काय करू?’ तुमच्यातला एक जण त्याला ‘हवामान’ लावेल, दुसरा ‘पीक नुकसान’, तिसरा ‘ॲपवर विश्वास नाही’. तिघंही बरोबर, पण वाक्य हरवलं. वीवर्क या ऑफिसच्या जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीत टोमर शॅरन यांनी पोलॅरिस ही रिपॉझिटरी उभी केली तेव्हा आख्ख्या अहवालाऐवजी ‘नगेट’ हा घटक धरला: एक निरीक्षण, त्याचा पुरावा आणि टॅग. तुम्हीही टूल विकत घेण्याआधी साध्या एक्सेलमध्ये चार-पाच मुलाखती अशा मांडा. टॅगची यादी कोण सांभाळणार, त्याचं नाव तेव्हाच ठरवा. कुणीच पुढे आलं नाही तर पैसे खर्च करू नका, असं मी तुझ्या मॅनेजरलाही सांगेन.

किमतीत एकच विचार: नुसतं वाचणाऱ्यांनाही सीटचे, म्हणजे माणशी परवान्याचे, पैसे पडतात का? पडत असतील तर सेल्स आणि सपोर्टची माणसं आत येणार नाहीत.

एक्स्पोर्ट मात्र स्वतः करून बघ. एन्जॉयएचक्यू ही अशीच एक रिपॉझिटरी २०२१ मध्ये युजरझूम कंपनीने घेतली, पुढे युजरझूम युजरटेस्टिंगमध्ये मिसळली. टूलचे मालक बदलतात, तुमच्या मुलाखती तुमच्याकडे राहायला हव्यात. व्हिडिओ, मजकूर, टॅग, कुठला टॅग कुठल्या वाक्याला, हे सगळं बाहेर येतं का ते पाहा. नुसती पीडीएफ मिळत असेल तर ते टूल सोडून दे.

आणि शेतकऱ्यांची संमती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे संमती जितक्या सहज देता येते तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. उद्या पिंपळगावहून एखाद्या काकांचा फोन आला, ‘माझा व्हिडिओ काढून टाका’, तर त्यांची मूळ फाइल, क्लिपा, उतारे एकत्र सापडून पुसता येतील का? ट्रायलमध्येच एका मुलाखतीवर करून बघ, आणि काय काय मागे उरलं ते मला कळव.

सस्नेह