ब्रिगहॅम यंग कोण होता आणि मॉर्मन लोक त्याच्यामागे पार युटापर्यंत का गेले?

मूळचा सुतार माणूस, जन्म १८०१, अमेरिकेतल्या व्हरमाँटचा, शाळा जेमतेम. १८३२ ला मॉर्मन झाला, म्हणजे अमेरिकेत तेव्हा नव्याने निघालेल्या एका ख्रिस्ती पंथात गेला. १८४४ मध्ये त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला जमावाने कार्थेजच्या तुरुंगात घुसून मारलं, मग वारस कोण यावरून जी भांडणं लागली त्यात बहुतेक लोक यंगच्या बाजूने गेले. इलिनॉयमध्ये आजूबाजूचे टिकूच देईनात, म्हणून १८४६ च्या फेब्रुवारीत ऐन थंडीत तिथलं आपलं नावू गाव सोडायला मॉर्मनांनी सुरुवात केली.

१८४७ ला पहिली तुकडी पश्चिमेला निघाली, दीडशेच्या आसपास माणसं, त्यात बायका फक्त ३. रोज किती मैल झाले यावरून वाद, तर तुकडीतल्याच विल्यम क्लेटनने गाडीच्या चाकाला लाल फडकं बांधलं आणि दिवसभर फेरे मोजत बसला, ३६० फेरे म्हणजे एक मैल! शेवटी वैतागून लाकडी दात्यांचं यंत्रच बनवून घेतलं. २४ जुलैला यंग आजच्या युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला तो तापाने आजारी, गाडीत पडून.

तिथे पाट काढून शेती, शेकडो वसाहती, युटा टेरिटरीचा (अजून राज्य न झालेल्या प्रदेशाचा) पहिला गव्हर्नर, हे सगळं खरंय. पण संतबिंत समजू नका. पन्नासच्या वर लग्नं, काळ्या लोकांना पुरोहितपद बंद केलं तेही त्यानेच, आणि १८५७ च्या माउंटन मेडोज हत्याकांडात युटातल्या मॉर्मनांनी सुमारे १२० प्रवासी मारले, त्यात त्याचा हात किती यावर इतिहासकार अजून भांडतायत. १८७७ ला वारला.

आणि हो, त्याच्याच काळात, १८५० च्या दशकात, मॉर्मन मिशनरी मुंबई-पुण्यातही येऊन गेले, फारसं कुणी फिरकलं नाही.