अपर तहसीलदार: वरचे की दुसरे?

जत तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न: 'संखला अप्पर तहसीलदार बसतात. ते जतच्या तहसीलदारांपेक्षा वरचे का?'

नाही. मुळात शब्द 'अप्पर' नाहीच, 'अपर' आहे. वर्तमानपत्रांत आणि कार्यालयांच्या पाट्यांवरही 'अप्पर' दिसतं, त्यामुळे रेल्वेतला अप्पर बर्थ आठवून तो वरचा अधिकारी वाटतो. पण हा शब्द संस्कृतातला. अपर म्हणजे दुसरा, नंतरचा, पश्चिमेकडचाही. म्हणून दिवसाचा मागचा भाग अपराह्ण आणि कोकणाचं जुनं नाव अपरान्त.

तेव्हा अपर तहसीलदार म्हणजे त्याच तालुक्यातले दुसरे तहसीलदार. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम ७ ने तशी तरतूदच केली आहे. जत हा क्षेत्रफळाने सांगली जिल्ह्यातला सर्वांत मोठा तालुका. एवढ्या पसाऱ्याला एक कार्यालय कसं पुरणार? नेमून दिलेल्या गावांपुरते अपर तहसीलदारच तहसीलदाराचे अधिकार वापरतात. हाताखालचे असतात ते नायब तहसीलदार. आणि तहसीलदार काय, अपर तहसीलदार काय, दोघांच्याही वर प्रांतसाहेब, म्हणजे उपविभागीय अधिकारी.

जिल्ह्याच्या पातळीवर उतरंड अधिक स्पष्ट दिसते. जिल्हाधिकारी एकच, त्यांच्या खालोखाल अपर जिल्हाधिकारी, मग निवासी उपजिल्हाधिकारी आणि इतर उपजिल्हाधिकारी. पोलिसांतही तसंच: अधीक्षक, अपर अधीक्षक, उपअधीक्षक. 'अपर' हा प्रमुखाच्या खाली, पण 'उप'च्या नेहमी वर.

जिल्हा परिषदेत मात्र 'अतिरिक्त मुख्य कार्यकारी अधिकारी' म्हणतात. पद त्याच धाटणीचं, शब्द वेगळा. मला 'अपर'च बरा वाटतो. 'अतिरिक्त'मध्ये गरजेपेक्षा जास्त असल्याची छटा आहे. अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन करतात ते याच अर्थाने. शिवाय 'अतिरिक्त कार्यभार' म्हणजे स्वतःचं पद सांभाळून दुसऱ्याचंही काम पाहणं, आणि तेही निराळंच.

अर्ज लिहिताना आणखी एक जपा: 'अपर' आणि 'अवर'. अवर म्हणजे खालचा. प आणि व यांची गल्लत झाली तर पदच बदलतं. दिल्लीत केंद्र सरकारचे अपर सचिव हे सहसचिवांच्याही वरचे. अवर सचिव मात्र उपसचिवांच्या खाली.